गिऱ्हाईक गाणी चोरून उतरवतंय, नोटीस आम्हाला: नेट देणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत?

निपाणी_फायबर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बेळगाव एसएसएचा (दूरसंचार विभागाने आखलेल्या, साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा) क वर्गाचा इंटरनेट परवाना आहे. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यात हजारभर घरगुती जोडण्या, आणि काही गावांत केबलवाले फ्रँचायझी म्हणून काम बघतात. अलीकडे अब्यूजच्या (तक्रारींच्या) ईमेलवर टोरंटच्या, म्हणजे फाइली एकमेकांच्या संगणकांवरून थेट वाटण्याच्या पद्धतीबद्दलच्या, नोटिसा वाढल्यात. बहुतेक परदेशी एजन्सीच्या, संगीत कंपन्यांच्या वतीने पाठवलेल्या, आणि हवाला अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचा. त्यात आता मुंबईच्या एका वकिलाचं रजिस्टर पत्र आलंय: अमुक आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आमच्या अशिलाची गाणी उतरवली आणि वाटली जातायत, त्या ग्राहकाचं नाव-पत्ता द्या, जोडणी तोडा, नाहीतर तुम्हालाच भागीदार धरून दावा लावू.

जाणकारांनी सांगा:

जोडणी तोडणं आमच्यावर बंधनकारक आहे का? नाव-पत्ता द्यायचा का? आमच्यावर फौजदारी होऊ शकते का? सगळे ग्राहक सीजीनॅटमागे आहेत, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटलेला आहे, मग एका पब्लिक आयपीवरून नेमका माणूस शोधायचा कसा? आणि एका फ्रँचायझीने स्वतःच्या कंट्रोल रूममध्ये गाण्यांचा आणि सिनेमांचा लोकल सर्व्हर ठेवलाय, ग्राहकांना फुकट. त्याचं काय?

टिळकवाडी_वकील

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे, पण आधी बाकीचे घेतो.

अमेरिकेच्या नोटिसा आधी बाजूला काढा. डीएमसीए हा अमेरिकी कायदा. "वारंवार चोरी करणाऱ्या ग्राहकाची जोडणी तोडण्याचं धोरण ठेवा" ही अट त्यातली आहे, तिथल्या कंपन्यांना संरक्षण हवं असेल तर पाळायची. ती न पाळल्याचा मोठा खटला म्हणजे कॉक्स कम्युनिकेशन्सचा. डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्जिनियाच्या ज्युरीने १०,०१७ कृतींसाठी १ अब्ज डॉलर भरपाई लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. ग्राहकांच्या चोरीतून कंपनीला थेट नफा झाला हे सिद्ध झालं नाही असं न्यायालय म्हणालं, मात्र माहिती असूनही सेवा चालू ठेवल्याचा ठपका कायम ठेवला. पुढे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ डिसेंबर २०२५ ला युक्तिवाद झाले. हे वाचून आपल्याकडचे ऑपरेटर घाबरतात. पण त्यातलं काहीही निपाणीतल्या परवानाधारकावर थेट लागू होत नाही.

आपल्याकडे दोन कायदे एकत्र वाचायचे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम २(१)(डब्ल्यू) मधल्या 'मध्यस्थ' या व्याख्येत इंटरनेट सेवा देणारा नावानिशी आहे. कलम ७९ त्याला संरक्षण देतं, पण अटींवर: तुमचं काम फक्त वाट करून देण्यापुरतं असावं, किंवा पाठवणं तुम्ही सुरू केलेलं नसावं, कुणाला पाठवायचं ते तुम्ही ठरवलेलं नसावं, मजकूर तुम्ही निवडलेला-बदललेला नसावा. शिवाय नियमांनुसार योग्य काळजी घेतलेली असावी. ७९(३) मध्ये संरक्षण कधी जातं ते दिलंय: कटात सामील झालात, मदत केलीत, चिथावणी दिलीत तर गेलं. प्रत्यक्ष माहिती मिळूनही काढण्यासारखी गोष्ट काढली नाही तरी गेलं.

कॉपीराइटवाले वकील मग कलम ८१ चं परंतुक पुढे करतात, की माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे कॉपीराइट कायद्याचे हक्क कमी होत नाहीत, म्हणून ७९ चं संरक्षण गाण्यांना लागूच नाही. या वादावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २३ डिसेंबर २०१६ ला मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स प्रकरणात निकाल दिला. दोन्ही कायदे सुसंगत वाचायचे, ८१ मुळे ७९ बाद होत नाही. माहिती असणं म्हणजे नेमक्या कृतीची, नेमक्या ठिकाणाची माहिती. "तुमच्या नेटवर्कवर चोरी होते" असा ढोबळ आरोप पुरत नाही. पण त्याच निकालात एक गोष्ट ऑपरेटरच्या विरोधात जाणारी आहे आणि ती लोक विसरतात: कॉपीराइटच्या बाबतीत नेमकी यादी हक्कधारकाने दिली, तर न्यायालयाचा आदेश नाही म्हणून साठवणारा हात वर करू शकत नाही.

"साठवणारा" या शब्दावर थांबा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१) मध्ये दोन पोटकलमं आली. (बी) म्हणजे पाठवण्याच्या तांत्रिक प्रक्रियेत क्षणभर झालेली साठवण. तिला सूट आहे, लेखी तक्रारीची भानगड नाही. (सी) म्हणजे दुवा किंवा प्रवेश मिळवून देण्यासाठी केलेली तात्पुरती साठवण. इथे हक्कधारकाची लेखी तक्रार आली की २१ दिवस प्रवेश थांबवायचा. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे हे ३६ तासांत करायचं. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा चालू करता येतं.

टोरंटची फाइल तुमच्याकडे साठवलेलीच नाही. ती ग्राहकाच्या संगणकावर आहे, तुमच्या फायबरमधून फक्त डेटाची पाकिटं जातात. तेव्हा मुंबईच्या पत्राला उत्तर द्या, गप्प बसू नका, पण मजकूर एवढाच ठेवा: पत्र मिळालं; आम्ही परवानाधारक सेवा देणारे असून ही फाइल आमच्या कोणत्याही सर्व्हरवर नाही; आपल्या पत्राची माहिती संबंधित ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करतो; ग्राहकाची ओळख सक्षम न्यायालयाच्या किंवा अधिकृत तपास यंत्रणेच्या लेखी आदेशाशिवाय देता येत नाही; त्या काळातल्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळायचं. उद्या आदेश आल्यावर नोंदी नाहीत म्हणालात तर तुमची सगळी बाजू लंगडी पडते.

जोडणी तोडण्याची सक्ती आपल्या कायद्यात कुठेही नाही. फ्रान्सने २००९ मध्ये तीन इशाऱ्यांनंतर जोडणी बंद करण्याचा कायदा केला होता, २०१३ मध्ये जोडणी तोडण्याची शिक्षा त्यांनीच काढून टाकली. एका खात्यावर अख्खं घर असतं, पोरांची ऑनलाइन शाळा असते, दुकानाचं यूपीआय असतं. वकिलाच्या एका पत्रावरून ते तोडणं माझ्या मते अन्याय आहे, आणि ग्राहक मंचात ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं.

चिक्कोडी_केबल

एवढं कशाला? टोरंटचे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दरवाजे) बंद करून टाका की. ६८८१ ते ६८८९. विषय संपला.

खानापूर_नॉक

दादा, त्याने काही होत नाही. टोरंटचे प्रोग्रॅम आता कोणताही पोर्ट निवडतात आणि बहुतेकांत वाहतूक कूटबद्ध असते. पोर्ट बंद केला की दुसरा घेतात. ओळखायचं म्हटलं तर डीपीआय, म्हणजे पाकिटांच्या आत डोकावणारी यंत्रणा, लागतं. ते महाग, आणि त्यात लिनक्सच्या आयएसओ, गेमचे अपडेट अशा कायदेशीर फाइली टोरंटने उतरवणारेही अडकतात. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची (सगळ्या वाहतुकीला सारखी वागणूक देण्याची) तत्त्वं मान्य केली आणि मग ती परवान्यात आली. स्वतःच्या मनाने एखादा प्रोटोकॉल अडवणं किंवा हळू करणं म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असेल तर वेगळं. आणि वकीलसाहेबांच्या मुद्द्याला धरून: मजकूर निवडायला-अडवायला लागलात की "आम्ही फक्त वाहून नेतो" हे म्हणणं तुम्हीच कमजोर करता.

आता सीजीनॅटचं. इथेच सगळ्यात जास्त निरपराध लोक अडकतात म्हणून सविस्तर लिहितोय.

नोटिशीच्या तळाशी बहुधा एक्सएमएलचा तुकडा असतो. त्यातल्या तीन गोष्टी बघायच्या: आयपी, पोर्ट, वेळ. समजा असं लिहिलंय:

आयपी २०३.०.११३.४५, पोर्ट ४१२३०, वेळ १४ मार्च २०:१०:०५ झेड

शेवटचा 'झेड' म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे १५ मार्च, पहाटे ०१:४०:०५. तारीखच बदलली. १४ तारखेच्या रात्री आठची नोंद काढलीत तर माणूस दुसराच निघतो.

एका पब्लिक आयपीमागे ६४ ग्राहक असतील तर पोर्ट ठरवून वाटा. एकूण ६५,५३६ पोर्टमधले पहिले १०२४ सोडले की ६४,५१२ उरतात. ६४ जणांत प्रत्येकी १००८. हजार ग्राहकांना १६ पब्लिक आयपी पुरतात, म्हणजे एक /२८ (सोळा पत्त्यांचा गट). आतले पत्ते १००.६४.०.० /१० मधून द्या, ती रेंज सीजीनॅटसाठीच राखून ठेवलेली आहे. १९२.१६८ दिलंत तर ग्राहकाच्या घरच्या राउटरशी टक्कर होते.

वरच्या नोटिशीत पोर्ट ४१२३० आहे. ४१२३० मधून १०२४ वजा करा, १००८ ने भागा: ३९ पूर्ण आणि वर थोडं. म्हणजे ४० वा गठ्ठा, ४०३३६ ते ४१३४३. त्या पब्लिक आयपीमागचा ४० वा ग्राहक. आतला पत्ता रेडियसमधून (ग्राहकाचं लॉगिन तपासून सत्रांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरमधून) कायमचा बांधून दिला असेल तर एका मिनिटात खातं सापडतं. पीपीपीओईचा (ग्राहकाच्या लॉगिनचा) पूल मोकळा ठेवलात, म्हणजे पत्ता दर वेळी बदलत असेल, तर रेडियसच्या अकाउंटिंगमध्ये ०१:४०:०५ ला तो आतला पत्ता कोणाच्या सत्रात होता ते बघावं लागतं.

आता गडबडी कुठे होतात ते:

नोटिशीत पोर्टच नसेल तर ६४ जणांतला एक शोधता येत नाही. तसं लेखी कळवा. अंदाजाने नाव काढायचं नाही.

दुसरी गडबड जास्त फसवी. टोरंटचा प्रोग्रॅम ट्रॅकरला (फाइल कोणाकोणाकडे आहे त्याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला) "माझा पोर्ट अमुक" असं स्वतः सांगतो. तो त्याच्या संगणकावरचा पोर्ट असतो, नॅटमधून बाहेर पडलेला नव्हे. पाळत ठेवणाऱ्या एजन्सीने ट्रॅकरवरची यादी तशीच उचलली तर नोटिशीत ६८८१ किंवा ५१४१३ असे ठराविक आकडे दिसतात. आता ६८८१ वरच्या हिशोबात बसवा: गठ्ठा ६०६४ ते ७०७१, म्हणजे ६ वा ग्राहक. त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं. असे प्रोग्रॅमच्या डिफॉल्टचे आकडे दिसले तर पोर्टवर विश्वास ठेवू नका. एजन्सीने प्रत्यक्ष जोडणी करून फाइलचा तुकडा घेतला होता का, आणि त्या जोडणीचा सोर्स पोर्ट कोणता, हे विचारा.

तिसरी, घड्याळ. बऱ्याच मायक्रोटिक राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. खानापूर-नंदगड भागात पावसाळ्यात हेस्कॉमची वीज जाते, यूपीएस बसतं, राउटर उठतो तो चुकीची वेळ घेऊन, आणि एनटीपी (नेटवरून घड्याळ लावण्याची सोय) जुळेपर्यंतच्या सगळ्या नोंदी खोट्या वेळेच्या पडतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवलेलं असलंच पाहिजे. पीओपीवर (आपल्या नेटवर्कच्या केंद्रावर) एक छोटा एनटीपी सर्व्हर ठेवा, ओएलटी (घरोघरच्या फायबरचं मुख्य यंत्र), बीएनजी (ग्राहकांची सत्रं सांभाळणारा राउटर), रेडियस आणि लॉग सर्व्हर चारही त्यालाच जोडा. लॉग सर्व्हरवर पाकीट पोहोचल्याची वेळ वेगळ्या रकान्यात लिहून ठेवली तर राउटरचं घड्याळ चुकलं तरी गाडी रुळावर आणता येते.

चौथी, रेडियसचे अर्धवट बंद झालेले सत्र. वीज गेल्यावर स्टॉपची नोंद येत नाही, जुनं सत्र कागदावर उघडंच राहतं आणि एकाच पत्त्यावर दोन ग्राहक दिसतात. इंटरिम अपडेट (सत्र चालू असल्याची अधूनमधून येणारी नोंद) ५ ते १० मिनिटांवर ठेवा. शेवटच्या अपडेटनंतरचं सत्र संपलेलं धरा.

१००८ पोर्ट कमी पडतात का? टोरंट जोरात चालू असलं की पडतात, आणि मग तक्रार येते "व्हॉट्सॲप चालतंय, पेज उघडत नाही". कारण जुन्या जोडण्यांनी पोर्ट धरून ठेवलेले असतात. राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या प्रणालीत) चालू टीसीपी जोडणीचा टाइमआउट मुळात एक दिवसाचा असतो, तो कमी करा. पण आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे २ तास ४ मिनिटांच्या खाली आणू नका, नाहीतर निवांत पडलेली व्हीपीएन तुटते.

ही वाटणी केली म्हणून परवान्यातलं लॉगिंग सुटत नाही, हे लक्षात असू द्या. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर आयपीडीआर (कोणत्या पत्त्यावरून कधी, कुठे जोडणी झाली ते) आणि नॅटच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या आहेत. गठ्ठ्यांची पद्धत फक्त शोधणं सोपं करते आणि चूक पकडून देते: लॉग एक माणूस सांगतोय आणि गणित दुसरा, तर कुठेतरी घोटाळा आहे. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मुबलक पद्धत) चालू केलंत तर बरंच सोपं. प्रत्येक घराला /५६ किंवा /६४ प्रीफिक्स मिळतो, तो कोणाला कधी दिला एवढंच जपायचं.

शहापूर_रेकॉर्डिंग

ऑपरेटरची बाजू पटते, पण गाणं बनवणाऱ्याची बाजूही इथे यायला हवी. आपल्या भागात भजनी मंडळं, सोंगी भारूडं, गणपतीची गाणी यांची रेकॉर्डिंग छोटे लोक स्वखर्चाने करतात. स्टुडिओचं भाडं, ढोलकी-पखवाजवाल्यांची बिदागी, मिक्सिंग, सगळं खिशातून. ते गाणं गावातल्या लोकल सर्व्हरवर फुकट पडलं की जिथे विकलं जाणार होतं तोच बाजार संपतो. परदेशी टोरंटपेक्षा हा घाव जवळचा आहे.

"जुनं आहे, म्हणून फुकट" हाही गैरसमज आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पण चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९९२ साली गेले. त्यांनी स्वतः रचलेल्या बंदिशींचा हक्क २०५२ अखेरपर्यंत आहे, ध्वनिमुद्रिका कितीही जुनी असली तरी.

छोट्या निर्मात्यांना सांगतो, टोरंट वापरणाऱ्या एकेका ग्राहकामागे लागून हाती काही येत नाही. साठवणाऱ्याला धरा. नियम ७५ ची तक्रार लेखी द्या, त्यात हे सगळं हवं: कृती ओळखता येईल असं वर्णन, तुम्ही मालक किंवा एकमेव परवानाधारक असल्याचा पुरावा, ही प्रत चोरीची आहे आणि कलम ५२ च्या सवलतीत बसत नाही हे दाखवणारा तपशील, ती कुठे साठवली आहे ते ठिकाण, कोणी चढवली ते माहीत असल्यास त्याचं नाव, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. बहुतेक तक्रारी "ठिकाण" आणि "हमी" या दोन मुद्द्यांवर फसतात. "तुमच्या सर्व्हरवर माझी गाणी आहेत" हे ठिकाण नव्हे; पूर्ण पत्ता, फोल्डर आणि फाइलचं नाव लिहा.

लोकल सर्व्हरबाबत एक अडचण असते. त्याचा पत्ता १० किंवा १७२.१६ ने सुरू होणारा असतो, तो बाहेरून उघडतच नाही. म्हणजे पुरावा त्याच नेटवर्कवरच्या जोडणीवरून घ्यावा लागतो. पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, फाइल उतरवून तिची हॅश (डिजिटल ठसा) काढा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन्ही भागांत भरून घ्या. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसता व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट दाव्यात टिकत नाही.

निपाणी_फायबर

वकीलसाहेब, नॉकदादा, मनापासून आभार. ६८८१ चा मुद्दा तर डोळे उघडणारा आहे, आमच्या ढिगात तसे आकडे आहेतच. आता लोकल सर्व्हरचं सांगा. फ्रँचायझीवाला म्हणतोय, सर्व्हर त्याचा, मशीन त्याचं, आम्ही कशाला पडायचं. आणि दुसरं: कोगनोळीपलीकडे कागलच्या बाजूच्या दोन-तीन वाड्यांत त्याने वायर ओढलीय, तिथून महाराष्ट्र पोलिसांचा फोन आला तर उत्तर कोणी द्यायचं?

टिळकवाडी_वकील

सर्व्हरबाबत आडपडदा ठेवत नाही. तो आजच बंद करायला लावा.

तिथे गाणी तुमच्या साखळीतल्या माणसाने निवडली, साठवली आणि ग्राहक वाढावेत म्हणून फुकट दिली. ७९ ची एकही अट उरली नाही. मजकूर निवडला, म्हणजे वाट करून देण्यापुरतं काम नाही. ५२(१)(बी) ची क्षणिक साठवण नाही, कारण फाइली महिनोन्‌महिने तशाच आहेत. उलट कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ सरळ लागतं आणि जाणूनबुजून केलं असेल तर कलम ६३: ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ खाली फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय चोरीच्या प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो. ज्या रॅकमध्ये सर्व्हर आहे त्याच रॅकमध्ये ओएलटी असेल तर पंचनाम्याच्या गडबडीत काय काय उचललं जाईल ते सांगता येत नाही, आणि अख्खं गाव अंधारात.

"मशीन त्याचं" हे तुमचं उत्तर अपुरं आहे. कलम ६३ मध्ये मदत करणाराही येतो. ग्राहक तुमच्या परवान्यावर, वाहतूक तुमच्या व्हीलॅनमधून (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून), आणि पत्रकावर तुमच्या लोगोशेजारी "फ्री गाणी, फ्री मूव्ही" छापलं असेल तर तुम्हाला माहीत नव्हतं हे कोण मानेल? आता तर तुम्हाला माहीत आहे, या धाग्यात लिहूनच ठेवलंय. फ्रँचायझीला लेखी नोटीस द्या, मुदत द्या, बंद केल्याची लेखी कबुली घ्या. करारात कलम टाका: परवाना नसलेला कोणताही मजकूर नेटवर्कवर साठवायचा नाही, तपासणीचा हक्क मूळ परवानाधारकाला, आणि भंग झाल्यास करार संपुष्टात. मोठ्या कंपन्या स्वतःचे कॅशे सर्व्हर आपल्या पीओपीत ठेवतात, तो वेगळा प्रकार. त्यात काय साठवायचं ते त्या कंपन्या स्वतःच्या हक्कावर ठरवतात आणि त्याचा करार असतो.

कागलचं. क वर्गाचा परवाना एका एसएसएपुरता असतो. बेळगाव एसएसएच्या परवान्यावर कोल्हापूरच्या हद्दीत ग्राहक जोडणं हाच परवान्याचा भंग आहे, गाण्यांचा विषय नंतर. त्या जोडण्या तिथल्या परवानाधारकाकडे सोपवा. सीमेवर लोक इकडून तिकडे वायर ओढतात कारण नातीगोती दोन्हीकडे आहेत, हे मान्य. पण कागदावर हद्द आहे ती आहे.

पोलिसांचं उत्तर राज्यावर अवलंबून नाही. बेळगावचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) ठाणं असो की कोल्हापूरचं सायबर ठाणं, माहिती मागायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश लागतो. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नाव देऊ नका. आदेशात गुन्हा क्रमांक, आयपी, पोर्ट, वेळ आणि कोणत्या टाइमझोनची वेळ हे आहे का बघा. नसेल तर त्याच दिवशी ईमेलने विचारा. आदेश कन्नडमध्ये आला आणि वाचणारं कोणी नसेल तरी मुदत थांबत नाही, भाषांतर तातडीने करून घ्या. उत्तर देताना फक्त मागितलेल्या क्षणाचं खातं द्या. अख्ख्या महिन्याचा डेटा देऊन ग्राहकाचं खासगी आयुष्य उघडं करू नका.

दिवाणी दावा लागला तर कलम ६२ मुळे कंपनी स्वतःच्या कामकाजाच्या ठिकाणी तो लावू शकते. २०१५ मध्ये आयपीआरएस विरुद्ध संजय दालिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली, पण मुंबईच्या कंपनीने मुंबईत दावा लावला तर ती मर्यादा तुमच्या फारशी कामाची नाही. समन्स आलं की तिथला वकील बघा. धारवाड खंडपीठात धाव घेऊन तो दावा थांबणार नाही.

हुक्केरी_डीएनएस

न्यायालयाच्या ब्लॉकिंग आदेशांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १०४ संगीत साइट देशभरच्या सेवा देणाऱ्यांना बंद करायला लावल्या होत्या. १० एप्रिल २०१९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही प्रकरणात डायनॅमिक आदेश दिला, म्हणजे त्याच साइटचे नवे आरसे (दुसऱ्या पत्त्यावरच्या नकला) निघाले की प्रत्येक वेळी नवा दावा न लावता शपथपत्रावर ते यादीत घालता येतात. अशा दाव्यांत सेवा देणाऱ्याचं नाव प्रतिवादींत दिसलं म्हणून घाबरायचं नाही. तुमच्याकडून भरपाई मागितलेली नसते, आदेश पाळणं एवढंच अपेक्षित असतं. पण पाळायचं मात्र वेळेत.

आदेश आला की आधी दाव्याचा क्रमांक न्यायालयाच्या संकेतस्थळावर तपासा, बनावट पीडीएफ फिरतात. मग यादी उतरवा. एचटीटीपीएसमुळे (कूटबद्ध जोडणीमुळे) एखादं पान अडवता येत नाही, अख्खं डोमेनच अडवावं लागतं. म्हणून यादीत एखाद्या मोठ्या, कायदेशीर साइटचं एकच पान असेल तर डोमेन बंद करण्याआधी लेखी खुलासा मागा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इरॉस प्रकरणात सरसकट बंदीला नकार देऊन तपासलेल्या दुव्यांची यादीच मागितली होती, त्याचा हवाला देता येतो.

मायक्रोटिकच्या स्टॅटिक डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता देणाऱ्या यादीत) रेजेक्सने, म्हणजे नमुने जुळवून, शेकडो डोमेन भरू नका, प्रत्येक क्वेरीला सगळी यादी चाळली जाते आणि प्रोसेसर बसतो. बाइंड किंवा अनबाउंड या डीएनएस सर्व्हरवर आरपीझेड झोन (अडवायच्या नावांची यादी) करा. प्रत्येक डोमेनच्या दोन ओळी: एक मूळ नावाची, एक तारांकित, दोन्हींना सीनेम म्हणून नुसता टिंब, म्हणजे एनएक्सडोमेन ("असं नावच नाही" हे उत्तर) जातं. तारांकित ओळ विसरली की मूळ नाव बंद आणि तीन डब्ल्यूवालं चालू राहतं. एसओएचा सीरियल (यादीचा आवृत्ती क्रमांक) वाढवायचा राहिला की दुसऱ्या सर्व्हरवर जुनीच यादी चालते, आणि पाहणीत नेमका तोच सर्व्हर सापडतो. आयपीने अडवणं टाळा. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांत एका आयपीवर हजारो साइट असतात, त्यात एखाद्या शाळेची साइटही जाते. प्रत्येक डोमेनसमोर आदेशाचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा, कारण आदेश उठला की काढायचं कोणतं हे नंतर कुणालाच आठवत नाही.

खानापूर_नॉक

निपाणीदादा, ग्राहकाला कळवायचा मजकूर तयार देतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत पाठवा, नाहीतर अर्धे ग्राहक तो फसवणुकीचा मेसेज समजतात. पैशाचा किंवा कोणत्याही दुव्याचा उल्लेख नको, त्याच कारणाने.

"आपल्या जोडणीवरून अमुक तारखेला, अमुक वेळी, हक्कधारकाच्या परवानगीविना गाण्यांची फाइल वाटली गेली अशी तक्रार आमच्याकडे आली आहे. ही तक्रार आहे, सिद्ध झालेला दोष नाही. आपलं नाव आम्ही कोणालाही दिलेलं नाही. घरातल्या संगणकावर टोरंटचा प्रोग्रॅम चालू असल्यास बंद करावा. फाइल उतरून झाली तरी तो ती पुढे वाटत राहतो. वायफायचा पासवर्ड राउटरमागे छापलेलाच असेल तर बदलावा. शंका असल्यास तक्रार अधिकाऱ्याला कार्यालयीन वेळेत फोन करावा."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. मंडळाच्या मांडवाला, मेसला किंवा शेजाऱ्याला दिलेल्या पासवर्डवरून बऱ्याच तक्रारी येतात आणि खातेदाराला पत्ताच नसतो. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि वापराच्या अटी तुमच्या साइटवर ठेवा. कलम ७९ ची "योग्य काळजी" विचारतात तेव्हा पहिल्यांदा तेच बघितलं जातं. मेसेज कोणत्या खात्याला कधी गेला त्याची नोंद तिकिटात ठेवा, मूळ नोटिशीची ईमेल हेडरसकट त्याच तिकिटाला जोडा.

निपाणी_फायबर

फ्रँचायझीला लेखी नोटीस तयार केली, उद्या देतो. सर्व्हरचं व्हीलॅन आज रात्रीच काढतोय. नॉकदादा, रेडियसमध्ये पत्ते कायमचे बांधताना चालू सत्रं तोडावी लागतील का?

खानापूर_नॉक

हो, ग्राहक पुन्हा जोडला गेल्यावरच नवा पत्ता मिळतो. पहाटे तीन-चारच्या दरम्यान ओएलटीच्या एकेका पीओएन पोर्टवरची (फायबरच्या एकेका शाखेवरची) सत्रं तोडा, सगळी एकदम नको. हजार जण एकाच वेळी जोडायला आले की रेडियस अडकतो. आधी जुन्या वाटणीचा तक्ता तारखेसकट जपून ठेवा. मुंबईच्या पत्रातली तारीख जुन्या वाटणीतली आहे, नव्या गणिताने शोधलंत तर चुकीचं खातं निघेल.